‘न्हाणीघरात पाय घसरला’: तुरुंगातील मारहाण आणि तिची नोंद

प्रश्न एका बहिणीचा आहे. त्यांचा भाऊ मुंबईतील एका कारागृहात न्यायाधीन बंदी आहे, म्हणजे त्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. मागच्या मुलाखतीच्या वेळी त्याचा डोळा सुजलेला होता, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काय झाले असे विचारताच तो "न्हाणीघरात पाय घसरला" एवढेच बोलला आणि मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहून गप्प झाला. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: दाद कुणाकडे मागायची, तक्रार केल्यास त्याला आणखी त्रास होईल का, आणि या तुरुंगांत कधी सुधारणा होते का.

मी गेली सत्तावीस वर्षे मुंबईच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि त्यातील बराच काळ विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून बंद्यांची कामे पाहिली आहेत. "घसरून पडलो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कानावर पडताच मी आधी तळपाय दाखवायला सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारागृहाच्या दवाखान्यातील नोंदवही न्यायालयाने मागवली, तेव्हा एकाच बराकीतील चार बंदी एकाच संध्याकाळी घसरून पडल्याचे एकाच हस्ताक्षरात लिहिलेले निघाले आणि चौघांचेही तळवे सुजलेले होते. घसरलेल्या माणसाचे ढोपर, कोपर, माकडहाड दुखावते; तळवे सुजत नाहीत. त्या वहीतील एकही शब्द डॉक्टरांनी खोटा लिहिला होता असे म्हणता आले नसते, कारण बंद्यांनी सांगितले तेच त्यांनी उतरवले होते. प्रश्न एवढाच होता की ते सांगताना खोलीत आणखी कोण उभे होते.

सगळा विषय मला या एका मुद्द्यात दिसतो. तुरुंगात मारणारा हात आणि लिहिणारा हात एकाच छपराखाली, एकाच अधीक्षकाच्या हुकमतीत असतात. आपल्या भावापुरता विचार केला तरी आणि व्यवस्थेचा विचार केला तरी पहिले काम एकच राहते: जे घडले त्याची नोंद तुरुंगाबाहेरच्या माणसाच्या हातून, वेळेत, करून घेणे.

आधी एक सावधगिरी सांगतो. प्रत्येक सूज शिपायाच्या काठीची नसते. गर्दीच्या बराकीत झोपायच्या जागेवरून, पाण्यावरून, विडीवरून बंद्याबंद्यांत मारामाऱ्या होतात, टोळ्यांचे जुने हिशेब आत चुकवले जातात, आणि न्हाणीघरे खरोखरच निसरडी असतात. त्यामुळे अर्जात "कर्मचाऱ्यांनी मारले" असे ठामपणे लिहिण्याआधी भावाशी एकांतात बोलणे वकिलाने साधले पाहिजे. तथापि मारणारा बंदी असला तरी कारागृह प्रशासनाची जबाबदारी सुटत नाही. माणूस त्यांच्या ताब्यात आहे, त्याच्या अंगावरील प्रत्येक जखमेचा खुलासा त्यांनीच द्यायचा असतो.

आता दाद मागण्याविषयी. आपल्याकडे लोक पोलीस कोठडीला घाबरतात आणि आरोपीला न्यायालयीन कोठडी मिळाली की सुटकेचा निःश्वास टाकतात. ही भीती निराधार नाही, पण हा निःश्वास मात्र अस्थानी आहे. पोलीस कोठडीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचे बंधन घातले, तिथे तपास अधिकारी दर काही दिवसांनी आरोपीला न्यायाधीशांपुढे उभा करतो आणि न्यायाधीश विचारतात, "काही तक्रार?" न्यायालयीन कोठडीत हा क्रम सैल पडतो. तारखा लांबतात, बंद्याला न्यायालयात नेणारी पोलीस पार्टी उपलब्ध नाही म्हणून पेशी चुकते, किंवा ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते आणि पडद्यावर दिसणाऱ्या बंद्याच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, तुरुंगाचाच कर्मचारी उभा असतो. अशा वेळी "तक्रार नाही" या उत्तराला काय अर्थ उरतो हे न्यायाधीशांनाही कळते, पण अर्ज पुढे नसेल तर ते काही करू शकत नाहीत.

म्हणून पहिला अर्ज बंद्याला प्रत्यक्ष हजर करण्याचा असावा. ज्या न्यायालयात खटला आहे तिथेच तो द्यायचा आणि त्यातच शासकीय रुग्णालयात, म्हणजे मुंबईत बहुधा जे. जे. रुग्णालयात, वैद्यकीय तपासणीचे आदेश मागायचे. तपासणीत प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि अंदाजे वय लिहावे, असे अर्जात स्पष्ट मागा. रंगाला महत्त्व आहे. मुका मार आधी लालसर, मग निळा-काळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, त्यानंतर पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत दिसेनासा होतो. पुढच्या महिन्याची तारीख आहे, तेव्हा बोलू, असे म्हणणाऱ्या वकिलाला हे सांगा. त्या तारखेला दाखवायला काही उरलेले नसेल.

न्यायाधीशांपुढे उभे राहिल्यावर भावाने सदरा वर करून जखमा दाखवाव्यात आणि वकिलाने त्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नमूद करण्याची विनंती करावी. रोजनाम्यातील दोन ओळींची किंमत बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. पुढे उच्च न्यायालयात जायचे झाले तर शंभर पानी प्रतिज्ञापत्रापेक्षा "आरोपीच्या डाव्या डोळ्याखाली सूज दिसते, उजवा हात वर उचलता येत नाही" ही न्यायाधीशांच्या सहीची ओळ भारी ठरते, कारण ती तुरुंगात लिहिलेली नसते.

त्याच अर्जात आणखी दोन मागण्या घाला. एक, सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश. त्यात दिवस, अंदाजे वेळ, सर्कल (तुरुंगाचा विभाग), बराक आणि तिथून दवाखान्यापर्यंतचा मार्ग लिहा. "सर्व चित्रण जपावे" अशी मोघम मागणी केली की उत्तरही मोघम येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये कॅमेऱ्यांविषयी दिलेला आदेश पोलीस ठाणी आणि तपास यंत्रणांसाठी आहे, त्यातील साठवणुकीची दीर्घ मुदत तुरुंगाला आपोआप लागू होते असे समजू नका. जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते, आणि ते पुसले गेल्यावर तांत्रिक बिघाडाचे पत्र येते.

दुसरी मागणी प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय नोंदीची. हिच्याकडे वकिलांचेही लक्ष जात नाही. महाराष्ट्रातील तुरुंग ज्या १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या साच्यात शतकाहून अधिक काळ चालले, त्याच्या कलम २४ मध्ये आत येणाऱ्या बंद्याच्या अंगावरील जखमा आणि खुणा वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून ठेवाव्यात अशी तरतूद आहे. हेतू बहुधा तुरुंगाच्या संरक्षणाचा होता, म्हणजे पोलिसांनी दिलेला मार आमच्या माथी येऊ नये. पण ती नोंद दोन्हीकडून कापते. आत येताना डोळा आणि खांदा शाबूत होता असे कारागृहाच्याच वहीत असेल, तर मधल्या काळात काय झाले हे कारागृहालाच सांगावे लागते.

पैसे नसतील तर थांबू नका. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय सीएसएमटीसमोर आहे. तिथे साध्या कागदावर, वकिलाशिवाय तक्रार करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोगाचे काम संथ आहे आणि त्याचा शेवट शिफारशीत होतो. तरीही मी ती तक्रार करायला सांगतो, कारण आयोग कारागृहाकडून अहवाल मागवतो आणि त्या अहवालातील कथा पुढे न्यायालयातील कथेशी जुळवून पाहता येते. दोन वेगवेगळ्या कारकुनांनी लिहिलेल्या खोट्या हकिकती सहसा एकमेकींशी जुळत नाहीत.

गुन्हा नोंदवायचा झाल्यास कारागृह ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तिथे फिर्याद द्यायची. "ते सरकारी नोकर आहेत, परवानगी लागेल" असे उत्तर मिळेल. शासनाच्या पूर्वपरवानगीचे संरक्षण कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याला आहे, शिवाय मूळ तरतूद शासनाच्या संमतीशिवाय सेवेतून काढता न येणाऱ्या अधिकाऱ्यांपुरती आहे. कुणाचे तळवे झोडपणे हे कोणत्याही शिपायाचे कर्तव्य नाही. ठाण्याने नोंद घेतली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी कळवून दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आणि नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयाची रिट आहेच. शासनाच्या ताब्यातील माणसाच्या हक्कभंगाबद्दल शासनाने पैसे मोजावेत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात पक्के केले.

हे सर्व हक्क आकाशातून पडले नाहीत, आणि त्यांतील बरेच मुंबईतून उगवले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांच्या प्रकरणात मुंबईच्या तुरुंगातील या स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले होते आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवायला सरकार नकार देत होते. न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. हस्तलिखितात राज्याच्या सुरक्षिततेला धोका पोहोचवणारे काही नव्हते. विषय अणूचा होता. पण आतून बाहेर काय जाते यावर आपली मुठ हवी हा तुरुंगाचा स्वभाव त्या एका प्रकरणात जसा दिसतो तसा मोठमोठ्या अहवालांतही दिसत नाही. पुढे शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईतील बंदिवान महिलांच्या मुलाखती घेतल्या. पंधरापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात जाऊन अहवाल देण्यास सांगितले, आणि १९८३ च्या निकालाने असे ठरले की अटक झालेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांनी छळाची तक्रार आहे का हे विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क असल्याचे सांगावे. पेशीच्या वेळचा तो "काही तक्रार?" हा यांत्रिक वाटणारा प्रश्न इथून आला.

तुरुंगातील कर्मचाऱ्यांच्या हिंसेबद्दलचा मूळ निकाल मात्र दिल्लीचा. तिहारमधील फाशीची शिक्षा झालेला बंदी सुनील बात्रा याने एका वॉर्डरने, म्हणजे तुरुंगाच्या पहारेकऱ्याने, दुसऱ्या बंद्याचा केलेला अमानुष छळ कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून न्यायालयाला कळवला. छळाचे कारण, बंद्याला भेटायला येणाऱ्या नातलगांकडून पैसे उकळणे. न्यायालयाने डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र (न्यायालयाला साहाय्य करणारे वकील) नेमून तुरुंगात पाठवले आणि डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला: तुरुंगात तक्रारपेट्या असाव्यात, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी नियमित भेटी द्याव्यात, एकांतकोठडी किंवा शिक्षा म्हणून केलेली बदली सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीशिवाय होऊ नये आणि तातडीच्या प्रसंगी दोन दिवसांत ती त्यांना कळवावी. आपल्या भावाला तक्रारीनंतर अचानक दूरच्या तुरुंगात हलवले, तर हाच निकाल पुढे करा. जाता जाता हेही सांगतो की आतून निरोप आला, अमुक माणसाला पैसे द्या म्हणजे त्रास थांबेल, तर देऊ नका. त्याने दर ठरतो, त्रास थांबत नाही.

निकाल १९७९ चा आणि आपण प्रश्न आज विचारत आहात. मधल्या काळात काय झाले, याचे उत्तर भायखळ्यात आहे.

२३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला कारागृहातील मंजुळा शेट्ये या बंदिवान महिलेचा मृत्यू झाला. सकाळच्या न्याहारीच्या शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून वाद झाला आणि महिला कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारले, असा आरोप बराकीतील इतर बायकांनी केला. नागपाडा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तपास गुन्हे शाखेकडे गेला, कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. मंजुळा स्वतः शिक्षा भोगणारी होती, पण चांगल्या वर्तनामुळे तिला वॉर्डर केले होते. म्हणजे शिधा मोजून वाटण्याचे, बायकांना ओळीत बसवण्याचे, एका अर्थाने तुरुंग चालवण्याचे काम तिच्याकडे होते. मृत्यूची बातमी पसरताच बराकीतील बायका छतावर चढून ओरडू लागल्या, तेव्हाच हे शहराला कळले. आणि मग त्या बायकांवरच दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला.

या प्रकरणातल्या अंडी-पावांकडे बघा. तुरुंगातील हिंसा क्वचितच एखाद्या क्रूर माणसाच्या लहरीतून सुरू होते. ती मोजणीतून सुरू होते. माणसे मोजायची, पाव मोजायचे, बादल्या मोजायच्या, आणि हिशेब जुळला नाही की वरिष्ठ कनिष्ठाला, कनिष्ठ वॉर्डरला, वॉर्डर बंद्याला धारेवर धरतो. आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे आठशेच्या आसपास सांगितली जात होती आणि आत अडीच-तीन हजार माणसे असत. देशभराचे २०२२ अखेरचे आकडे पाहिले तर सुमारे ४ लाख ३६ हजारांच्या जागेत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतील जवळजवळ ७६ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे कायद्याच्या नजरेत अद्याप निर्दोष. त्याच वेळी कर्मचाऱ्यांची सुमारे तीस टक्के मंजूर पदे रिकामी होती. एका शिपायाने रात्री शंभर-दीडशे माणसांवर नजर ठेवायची असेल, तर त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात: धाक बसवणे, किंवा बराकीतील दांडग्या बंद्यांशी संगनमत करणे. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालते.

हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही. कामाचा ताण प्रत्येकावर असतो, पण प्रत्येक जण काठी उचलत नाही. काठी उचलता येते कारण नंतर काही होत नाही हे उचलणाऱ्याला ठाऊक असते. परंतु शिपायांच्या गळक्या वसाहती, चुकलेल्या रजा आणि रखडलेल्या बढत्या पाहिल्यानंतर, त्यांना केवळ खलनायक ठरवून तुरुंग सुधारेल असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. अशा प्रकरणांत कोठडीत जातात त्यांत बहुधा कनिष्ठ पदांवरचेच असतात. ज्यांच्या सहीने रजिस्टर बंद होते त्यांच्यापर्यंत चौकशी क्वचित पोहोचते.

बळाचा वापर मुळीच नको असे कायदाही म्हणत नाही. पळून जाणाऱ्याला अडवणे, दंगल आवरणे यासाठी मर्यादित बळ चालते. वाद त्या मर्यादेचा असतो. जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील आरोपींना जून २००८ मध्ये आर्थर रोडमध्ये मार बसला. कारागृहाची बाजू बेशिस्त आवरण्याची होती. मुंबई उच्च न्यायालयाने न्यायिक चौकशीनंतर २००९ मध्ये बळाचा अतिरेक झाल्याचा निष्कर्ष काढला. ज्यांच्याविषयी शहरात कुणालाही सहानुभूती नव्हती अशा माणसांची ती तक्रार होती, आणि ती टिकली, कारण ती तुरुंगाबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याने तपासली.

आता सुधारणांविषयी. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला, २०१६ मध्ये आदर्श कारागृह नियमावली आली, २०२३ मध्ये केंद्राने आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीचा कागद सल्ल्यापुरताच राहतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकले आणि विरले, आणि विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा शिफारस केली. या यादीत मी जास्त वेळ घालवत नाही. कागदांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

माझ्या अनुभवात फरक पडतो तो तीन-चार रूक्ष गोष्टींनी. कारागृहातील डॉक्टर अधीक्षकाच्या नव्हे तर सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अखत्यारीत असावा, त्याचा गोपनीय अहवाल तुरुंगाच्या अधिकाऱ्याने लिहू नये, आणि बंद्याची तपासणी शिपायाच्या कानाआड व्हावी. ही एकच गोष्ट झाली तरी "घसरून पडलो"च्या निम्म्या नोंदी बदलतील. तक्रारपेटीची किल्ली सत्र न्यायाधीशांच्या कार्यालयात असावी. आज काही ठिकाणी पेटी आहे, पण ती अधीक्षकांच्या दालनासमोर टांगलेली आहे आणि तिच्यात चिठ्ठी टाकणारा साऱ्या सर्कलला दिसतो. अशासकीय अभ्यागत, म्हणजे तुरुंगाची पाहणी करणारे बिगरसरकारी नागरिक, नेमले जावेत आणि त्यांनी पूर्वसूचना न देता जावे. भेटीची वेळ आधी कळली की बराक फिनेलने धुतली जाते, त्या दिवशी डाळ घट्ट असते आणि ज्यांच्या अंगावर वळ आहेत ते "तारखेला गेले" असतात.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी हे बंधन २००६ पासून आहे, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेतही, ते कायम आहे. अडचण अशी की त्यासाठी माणूस मरावा लागतो. मेलेल्याच्या अंगावरच्या जखमा मोजायला न्यायदंडाधिकारी जातो, जिवंत माणसाच्या मोजायला कुणी आपणहून जात नाही. गंभीर दुखापतीलाही तोच नियम लावा, ही मागणी मी अनेक वर्षे करतो आहे.

आणि गर्दी. ती कमी झाल्याशिवाय बाकीचे सगळे मलमपट्टीच ठरते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेली माणसे मी दर महिन्याला भेटतो. गोवंडीच्या झोपडीत भाड्याने राहणाऱ्याने ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार कुठून आणायचा? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला सोडायचे आहे, आणि तसा अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असले की हा लाभ मिळत नाही, त्यामुळे आपल्या भावाचे कलम आणि आतापर्यंतचा काळ दोन्ही वकिलाकडून तपासून घ्या.

शिस्त माराशिवाय राहत नाही असे मला अनेक तुरुंगाधिकाऱ्यांनी ऐकवले आहे. मी त्यांना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण देतो. औंध संस्थानाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शिक्षा झालेल्या बंद्यांची भिंतीशिवायची वसाहत उभारली, ते कुटुंबासह राहून शेती करू लागले, आणि ती महाराष्ट्रात पुढे टिकली. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात ते जसेच्या तसे चालणार नाही, हे मलाही कळते. पण "आपल्याकडे हे होतच नाही" असे म्हणणाऱ्याने निदान सांगली जिल्ह्यापर्यंत जाऊन यावे.

राहिला आपला मधला प्रश्न, जो खरे तर पहिला होता: तक्रार केली तर आणखी मारतील का. खोटा दिलासा देत नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढू शकतो. उघड मार बहुधा थांबतो, पण मुलाखत लांबवणे, वारंवार झडती घेणे, बराक बदलणे, पेशीला उशिरा काढणे असे प्रकार होतात. म्हणून मी अर्ज बंद्याच्या नव्हे तर नातलगाच्या प्रतिज्ञापत्रावर करतो: "मी अमुक दिवशी मुलाखतीला गेले, मला हे दिसले." भावाने काही बोलल्याचा उल्लेख त्यात नसावा. त्याला पुढे "तू का सांगितलेस" असे विचारले गेले, तर त्याने सांगितलेलेच नाही. शक्य असेल तर अर्ज आणि प्रत्यक्ष पेशी यांच्यामध्ये एक-दोन दिवसांहून जास्त अंतर ठेवू नका, आणि आदेशात "पुढील तारखेपर्यंत आरोपीच्या सुरक्षिततेची जबाबदारी अधीक्षकांवर राहील" ही ओळ मागा. त्यानंतर दर आठवड्याला मुलाखत किंवा ई-मुलाखत चुकवू नका. ज्याचे माणूस नियमित येते त्याच्यावर हात टाकताना आत दोनदा विचार होतो. हे सर्व करण्याआधी त्याची संमती घ्या, कारण रात्री बराकीचे दार बंद झाल्यावर आत तो असतो, आपण नसतो आणि मीही नसतो. त्याने नको म्हटले तर वैद्यकीय तपासणीपुरताच अर्ज करा, कारण न देता, "खांदा दुखतो" एवढेच लिहून. क्ष-किरण चित्र आणि जे. जे.च्या केसपेपरची प्रत आपल्या घरी राहू द्या. तीन महिन्यांनी त्याचे मत बदलले तर तेवढ्यावरूनही सुरुवात करता येते. मी केली आहे.